संहितेचे दृश्यरूप आणि त्याची नोंद : संगणकीय ग्रंथचिन्हांकनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रास्ताविक

हस्तलिखित अथवा मुद्रित ग्रंथ संगणकावर उतरवून घेताना त्याची अक्षरे बिनचूक उतरली म्हणजे ग्रंथ उतरला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. पाठचिकित्सेशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे त्यास ही समजूत सहसा मान्य होणार नाही. एखादा शब्द तिरप्या ठशात आहे, शीर्षक पानाच्या मध्यभागी आहे, श्लोकाचा अंक तांबड्या शाईने घातला आहे, एखाद्या ओळीवर रेघ मारली आहे, या गोष्टी अक्षरांच्या मालिकेत मावत नाहीत. तथापि त्या वाचकास दिसतात, आणि वाचक त्यांवरून अर्थही घेतो. मग त्या कोठे व कोणत्या शब्दांत नोंदवावयाच्या? नोंदवावयाच्या तर सर्वच, की निवडक? आणि ती नोंद मूळ प्रतीचे वर्णन समजावयाची, की पुढे छापणाऱ्यास दिलेली सूचना?

हे प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतात. परंतु गेल्या सुमारे चाळीस वर्षांत ग्रंथांचे संगणकीय संकेतन करणाऱ्या विद्वानांनी त्यांवर जो विचार केला, त्यात 'संहिता म्हणजे काय' हा जुनाच वाद नव्या वेषात आढळतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्या विचाराचा इतिहास एका छोट्या उदाहरणाच्या आधारे मांडणे हा आहे. ते उदाहरण म्हणजे 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' (यापुढे 'टी. ई. आय.') या विद्वत्संघटनेच्या मार्गदर्शिकेतील 'रेंड' हा गुणधर्म आणि त्याच्या जोडीस पुढे आलेले 'रेंडिशन' व 'स्टाइल' हे दोन गुणधर्म होत. येथे 'घटक' हा शब्द संहितेच्या ज्या भागास खूण केली आहे त्या भागासाठी, आणि 'गुणधर्म' हा शब्द त्या खुणेला जोडलेल्या विशेष माहितीसाठी योजला आहे.

२. आज्ञा आणि वर्णन

चिन्हांकन ही संगणकाची देणगी नव्हे. छापखान्यात हस्तलिखित पाठविण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात 'हे जाड टाइपात घ्या', 'ही ओळ मध्ये आणा', असे लिहीत असे व जुळारी त्याप्रमाणे खिळे जुळवीत असे. हे चिन्हांकन आज्ञार्थी होते. काय करावयाचे ते त्यात सांगितलेले असे. का करावयाचे ते संपादकाच्या मनात राही. संगणकाच्या साह्याने अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रारंभी हीच पद्धत यंत्रात उतरली. अमुक ठिकाणी ठसा बदल, अमुक ठिकाणी दोन ओळी सोड, अशा आज्ञा मजकुरातच पेरल्या जात.

या पद्धतीचा दोष लवकरच ध्यानात आला. ग्रंथनाम, परकीय शब्द आणि जोर देण्यासाठी योजलेला शब्द हे तिन्ही तिरप्या ठशात छापले जात असतील, तर आज्ञा एकच होते आणि कारणांतील भेद नाहीसा होतो. उद्या ग्रंथनामांची तेवढी सूची करावयाची म्हटले तर यंत्रास ती निवडता येत नाहीत. सप्टेंबर १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयात भरलेल्या बैठकीत मजकुराचा आशय व त्याची मांडणी एकमेकांपासून अलग ठेवावी, असा विचार मांडला. त्याच सुमारास न्यू यॉर्क येथील ग्रंथसजावटकार स्टॅन्ली राइस यांनीही ग्रंथाच्या संपादकीय रचनेवर आधारलेल्या खुणांची कल्पना पुढे मांडली होती. १९६९ साली आय. बी. एम. या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी 'जी. एम. एल.' ही पद्धती तयार केली. या नावातील तीन अक्षरे तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. तिचीच परिणती पुढे १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ८८७९ म्हणून मान्य झालेल्या 'एस. जी. एम. एल.' या भाषेत झाली.

या परंपरेचा मूळ सिद्धांत थोडक्यात असा सांगता येईल : खूण करताना 'हे कसे दिसावे' ते लिहू नये, 'हे काय आहे' ते लिहावे. मथळा असेल तर 'मथळा' म्हणावे. तो जाड दिसावा की मोठा, हे दुसरीकडे, स्वतंत्र आदेशपत्रिकेत ठरवावे. हा सिद्धांत प्रकाशनव्यवसायास अत्यंत सोयीचा ठरला. एकाच मजकुराची नियतकालिक, पुस्तक आणि सूची अशी तीन रूपे मूळ मजकुरास हात न लावता काढता येऊ लागली. नोव्हेंबर १९८७ मध्ये जेम्स कूम्ब्ज, अ‍ॅलन रेनिअर आणि स्टीव्हन डीरोझ यांनी एका प्रसिद्ध लेखात विद्वानांच्या लेखनकार्यासही हीच वर्णनात्मक पद्धती योग्य होय असे आग्रहाने प्रतिपादन केले. पुढे १९९० साली डीरोझ व रेनिअर यांनी डेव्हिड ड्युरँड आणि एली मायलोनास यांच्यासह संहितेची एक व्याख्याच केली : आशयघटकांची क्रमबद्ध श्रेणी, म्हणजे भागात प्रकरण, प्रकरणात परिच्छेद, परिच्छेदात वाक्य, अशी एकात एक बसलेली रचना. या व्याख्येत दृश्यरूपास अर्थातच स्थान उरले नाही. ते आशयाचे बाह्य वस्त्र मानले गेले.

३. टी. ई. आय. ची तडजोड

नोव्हेंबर १९८७ मध्येच, न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील व्हॅसार महाविद्यालयात सुमारे तीस विद्वानांची एक परिषद भरली. संगणक व मानव्यविद्या यांच्या क्षेत्रातील तीन संघटनांनी मिळून तेथे जे कार्य हाती घेतले ते टी. ई. आय. होय. प्रत्येक संशोधनकेंद्राची संकेतनपद्धती निराळी असल्यामुळे एकाने तयार केलेली संहिता दुसऱ्यास वापरता येत नसे, ही त्यामागची तक्रार होती. मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन आणि लू बर्नार्ड यांच्या संपादकत्वाखाली मार्गदर्शिकेचा पहिला मसुदा १९९० मध्ये निघाला, आणि 'पी-३' या नावाने ओळखली जाणारी पहिली पूर्ण आवृत्ती मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विस्तार सुमारे तेराशे पृष्ठांचा होता.

टी. ई. आय. ने एस. जी. एम. एल. ही भाषा स्वीकारली आणि तिच्याबरोबर वर्णनात्मक चिन्हांकनाचा सिद्धांतही घेतला. परंतु प्रकाशक आणि संशोधक यांच्या स्थितीत एक मूलभूत अंतर आहे. प्रकाशकापुढील ग्रंथ अद्याप छापावयाचा असतो. संशोधकापुढील ग्रंथ दोनशे, चारशे वर्षांपूर्वीच लिहून वा छापून झालेला असतो. प्रकाशकाला अमुक शब्द तिरपा का, हे ग्रंथकारास विचारता येते. संशोधकाला फक्त तिरपा शब्द दिसतो; त्याचे कारण त्यास अनुमानाने ठरवावे लागते, आणि कित्येकदा ठरवताही येत नाही. म्हणजे प्रकाशकाच्या दृष्टीने जे अंतिम फल, तेच संशोधकाच्या दृष्टीने मूळ साधन ठरते.

या अडचणीतून टी. ई. आय. ने जो मार्ग काढला त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे 'हाय' नावाचा घटक. आसपासच्या मजकुराहून एखादा शब्द दृश्यतः वेगळा आहे एवढेच तो सांगतो. तसे का, याविषयी तो जाणूनबुजून काहीच विधान करीत नाही. ज्यास कारण निश्चित ठाऊक आहे त्याच्यासाठी जोर, परभाषा, ग्रंथनाम, पारिभाषिक संज्ञा इत्यादींचे स्वतंत्र घटक आहेतच. दुसरा भाग म्हणजे 'रेंड' हा गुणधर्म. तो सर्व घटकांना समान आहे. मथळा असो, परिच्छेद असो, खोडलेला शब्द असो, कोणत्याही घटकास तो लावता येतो. त्याची व्याख्या अशी की, प्रस्तुत घटक मूळ संहितेत कोणत्या स्वरूपात दर्शविला आहे ते त्याने सांगावे.

या व्याख्येतील 'मूळ संहितेत' हा शब्दप्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. रेंड हा भविष्यातील छपाईसाठी दिलेला आदेश नसून भूतकाळातील एका प्रतीविषयीची साक्ष आहे. सिद्धांताने बाहेर घालवलेले दृश्यरूप अशा रीतीने साक्षीच्या रूपाने परत आले. ही तडजोड दिसावयास लहान असली तरी तिच्यामुळे आशयश्रेणीचा सिद्धांत आणि प्रतीचे प्रामाण्य या दोहोंना एकाच दस्तऐवजात जागा मिळाली. वापरणाऱ्यांचा मात्र येथेच वारंवार घोटाळा होत आला. रेंडचे मूल्य भरताना 'मूळात असे आहे' आणि 'पडद्यावर असे दिसावे' या दोन विधानांतील भेद पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, व एकाच संग्रहात दोन्ही अर्थांची मूल्ये एकमेकांत मिसळतात. २०१६ साली टी. ई. आय. ने प्रक्रियेविषयीचे स्वतंत्र नियम घातले. त्यांत मूळ प्रतीचे दृश्यरूप फलरूप प्रतीत पाळावयाचे की नाही, हे वेगळे सांगण्याची सोय करावी लागली. हा भेद किती आवश्यक होता ते यावरून दिसते.

४. दृश्यरूप हे प्रमाण कसे

दृश्यरूपाची साक्ष नोंदविण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. इंग्रजी पाठचिकित्सेत वॉल्टर ग्रेग यांनी १९५०-५१ मध्ये पाठांतील भेदांचे दोन वर्ग केले होते : अर्थाला थेट स्पर्श करणारे शब्दभेद, आणि वर्णलेखन, विरामचिन्हे, मोठी-लहान अक्षरे इत्यादी आनुषंगिक भेद. हा भेद उपयुक्त असला तरी आनुषंगिक म्हणजे निरर्थक, असा त्याचा सोयिस्कर अर्थ पुष्कळांनी घेतला. डी. एफ. मकेंझी यांनी १९८५ च्या पानिझी व्याख्यानांत या समजुतीला जोरदार धक्का दिला. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूविषयी जो गाजलेला निबंध लिहिला, त्याच्या शिरोभागी विल्यम कॉन्ग्रीव्ह या नाटककाराच्या काही ओळी होत्या. मूळ पाठातील दोन स्वल्पविराम व काही मोठी अक्षरे त्या अवतरणात गळाली होती, आणि तेवढ्यामुळे नाटककाराने आपल्या श्रमांविषयी व्यक्त केलेल्या भावाचा रोखच कसा बदलला, ते मकेंझींनी दाखवून दिले. लेखकाचा हेतू विचारात घेऊ नये म्हणणाऱ्या निबंधाच्या माथ्यावरच हे घडावे, हा योगायोग त्यांनी पुरेपूर उपयोगात आणला.

तथापि दृश्यरूपाचा अर्थ स्थिर नसतो, हेही तितकेच खरे. तिरप्या ठशाचाच इतिहास पाहावा. व्हेनिस येथील आल्डुस मानुटिउस या मुद्रकाने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य छापले तेव्हा सर्व मजकूर त्याने तिरप्या ठशातच जुळविला होता. त्या ग्रंथात तिरपेपणा हा जोर देण्याचा नव्हे, तर ग्रंथाचा सहज ठसा होता. एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी सरळ ठशाच्या मजकुरात तिरपा शब्द घालण्याचा प्रघात त्यानंतरचा आहे. जर्मन मुद्रणात 'फ्राक्टुर' वळणाच्या अक्षरांना तिरपा जोडीदार नव्हता. तेथे जोर देण्यासाठी शब्दाची अक्षरे विरळ लावीत आणि परकीय शब्द रोमन ठशात घेत.

याहून बोलके उदाहरण इंग्रजी बायबलाचे आहे. १६११ च्या अधिकृत भाषांतराची पहिली आवृत्ती काळ्या, जाड 'ब्लॅक लेटर' ठशात छापली होती. हिब्रू अथवा ग्रीक मूळात नसलेले, परंतु इंग्रजी वाक्य पुरे होण्यासाठी भाषांतरकारांनी पदरचे घातलेले शब्द त्यात लहान रोमन ठशात दिले होते. पुढे सर्व मजकूर रोमन ठशात छापू लागल्यावर हेच शब्द तिरप्या ठशात आले. अर्थ तोच राहिला, रूप बदलले. आणि रोमन ठसा, जो पहिल्या आवृत्तीत अपवादाची खूण होता, तो दुसरीकडे सर्वसामान्य मजकुराचे रूप झाला. ज्या संकेतनात या शब्दांपुढे केवळ 'रोमन' असे लिहिले असेल, त्यास भोवतालचा मजकूर कोणत्या ठशात आहे हे ठाऊक नसेल तर काहीच कळणार नाही. दृश्यरूपाचे मूल्य निरपेक्ष नसून सापेक्ष आहे, ही गोष्ट रेंडची रचना करणाऱ्यास प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

५. मूल्यांचा प्रश्न

रेंड या गुणधर्मात कोणते शब्द लिहावेत, याविषयी टी. ई. आय. ने बंधनकारक असा कोणताही कोश दिला नाही. दृश्यलक्षणे ग्रंथागणिक फार बदलतात, आणि कोणती लक्षणे नोंदवावयाची हा निर्णयही प्रकल्पागणिक बदलतो, अशी त्याची कारणमीमांसा मार्गदर्शिकेत आढळते. पद्धतशीर नोंद करावयाची असेल तर आपापली सुसंगत मूल्ये ठरवून घ्यावीत, एवढाच सल्ला देण्यात आला. इजिप्तच्या पपायरसापासून विसाव्या शतकातील टंकलिखितापर्यंत सर्वांना पुरेल असा एकच कोश करणे अशक्य होते, हे मान्य केले पाहिजे.

पण या स्वातंत्र्याचे मोल द्यावे लागले. एकाने 'इटॅलिक' लिहिले, दुसऱ्याने 'आय', तिसऱ्याने 'तिरपे'. मानवी वाचकास तिन्ही समजतात. यंत्रास ती तीन वेगळी मूल्ये वाटतात. निरनिराळ्या संस्थांच्या संहिता एकत्र वापरता याव्यात, हा टी. ई. आय. चा मूळ उद्देशच या एका गुणधर्मापुरता असाध्य राहिला. शिवाय सुरुवातीच्या आवृत्त्यांत रेंडचे मूल्य ही अक्षरांची कोणतीही मालिका असू शकत असे. त्यामुळे एका मूल्यात दोन लक्षणे असल्यास ती कोठे तोडावयाची हेही निश्चित नव्हते. 'पी-५' आवृत्तीत, रिकाम्या जागेने विभागलेले सुटे शब्द, ज्यांच्या क्रमास काही अर्थ नाही, असे या मूल्याचे स्वरूप ठरले. त्यामुळे तोडण्याचा प्रश्न सुटला. कोशाचा सुटला नाही.

या मोकळ्या जागेत दोन परस्परविरुद्ध प्रयोग झाले, व ते दोन्ही उद्बोधक आहेत. ब्राउन विद्यापीठात सुरू झालेल्या 'विमेन रायटर्स प्रोजेक्ट' या प्रकल्पाने आरंभीच्या आधुनिक काळापासून १८५० पर्यंतच्या इंग्रजी लेखिकांचे ग्रंथ संकेतबद्ध केले. त्याने रेंडच्या मूल्यासाठी एक छोटे व्याकरणच रचले. लक्षणाचा वर्ग आधी लिहावयाचा आणि कंसात त्याचे मूल्य द्यावयाचे. जसे, कल : तिरपा. अक्षर : सर्व मोठी. स्थान : मध्य. घटकाच्या आधी व नंतर येणारी अवतरणचिन्हे, रेघा वा ठिपके यांच्यासाठीही असेच वर्ग होते. अशा अनेक जोड्या पायऱ्यांप्रमाणे एकापुढे एक येत, म्हणून त्या रचनेस 'शिडी' असे नाव पडले. तिची खरी योग्यता अशी की, 'तिरपा' हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे ते तिने स्पष्ट केले. प्रश्न निश्चित झाल्यावर, एखादे लक्षण नोंदविलेले नाही याचा अर्थ काय, हेही ठरविता येते.

दुसऱ्या टोकास 'टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप' हा प्रकल्प आहे. त्याने १७०० पूर्वीच्या इंग्रजी मुद्रित ग्रंथांपैकी कित्येक हजार संकेतबद्ध केले, व त्यांतील सुमारे पंचवीस हजार २०१५ च्या प्रारंभी सर्वांना खुले झाले. एवढ्या प्रचंड कामात प्रत्येक ठशाचे नाव नोंदविणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून तेथे ठसा बदलला की फक्त 'हाय' ही खूण करण्यात आली. बदल कशातून कशात झाला ते सामान्यतः लिहिलेले नाही. याचा परिणाम असा की, त्या ग्रंथांत कोणते शब्द वेगळे उठून दिसत होते याचा शोध घेता येतो. परंतु काळ्या ठशातील मजकूर रोमन ठशाकडे केव्हा वळला, असा प्रश्न विचारणाऱ्यास मूळ पानांच्या प्रतिमांकडेच जावे लागते. या निर्णयास दोष देता येणार नाही. मात्र प्रत्येक नोंद ही भावी प्रश्नांची निवड असते, आणि जे नोंदविले नाही त्याविषयीचा प्रश्न पुढच्या संशोधकास विचारता येत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

६. भविष्याची भाषा भूतकाळासाठी

दरम्यान महाजालाच्या क्षेत्रात हाच प्रश्न निराळ्या अंगाने उभा राहिला होता. 'एच. टी. एम. एल.' ही भाषाही रचनानिष्ठ म्हणूनच जन्मली. परंतु लोकांना पाने सजविण्याची हौस असल्यामुळे ठसा, आकार व रंग यांच्या आज्ञा तिच्यात घुसल्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन विउम ली यांनी सजावटीचे नियम वेगळ्या पत्रकात लिहिण्याची योजना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये ती 'सी. एस. एस.' या नावाने मान्य झाली, आणि डिसेंबर १९९७ च्या एच. टी. एम. एल. ४.० मध्ये ठशाच्या जुन्या खुणा त्याज्य ठरविण्यात आल्या. टी. ई. आय. ची २००२ ची 'पी-४' आवृत्ती १९९८ मध्ये मान्य झालेल्या 'एक्स. एम. एल.' या भाषेस अनुसरून निघाली.

१ नोव्हेंबर २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'पी-५' आवृत्तीत दृश्यरूपाच्या नोंदीची फेररचना झाली. ग्रंथाच्या शीर्षपत्रिकेत दृश्यरूपाचे वर्णन एकदाच करून त्यास नाव देण्याची सोय पूर्वीपासून होती. आता 'रेंडिशन' हा सर्व घटकांना समान असा नवा गुणधर्म आला. तो स्वतः वर्णन न करता त्या नामांकित वर्णनाकडे केवळ बोट दाखवितो. ते वर्णन साध्या गद्यात करता येते, किंवा सी. एस. एस. सारख्या नियमबद्ध भाषेत. यानंतर 'स्टाइल' हा तिसरा गुणधर्म दाखल झाला. त्यात नियमबद्ध भाषेतील वर्णन त्या त्या जागीच लिहावयाचे असते, आणि ती भाषा कोणती हे शीर्षपत्रिकेत घोषित करावे लागते. अशा रीतीने तीन गुणधर्मांची वाटणी झाली : रेंड हा संपादकाच्या स्वतःच्या शब्दांचा, स्टाइल हा नियमबद्ध भाषेतील स्थानिक वर्णनाचा, आणि रेंडिशन हा एकत्र संग्रहित वर्णनाकडे निर्देश करणारा.

या रचनेतील एक विपर्यास मोठा मार्मिक आहे. सी. एस. एस. ही यंत्रास 'असे दाखव' म्हणून सांगणारी आज्ञार्थी भाषा आहे. टी. ई. आय. ने तिच्यातील शब्दसंपत्ती उचलली, पण क्रियापदाचा अर्थ बदलला : 'असे दाखव' याच्या जागी 'असे होते'. कोशाचा जो प्रश्न १९९४ मध्ये अनुत्तरित राहिला होता, त्यास बाहेरून तयार झालेले, सर्वत्र ठाऊक असलेले उत्तर मिळाले. शिवाय मातृघटकाचे लक्षण पोटघटकाकडे केव्हा उतरते, याचे नियमही त्या भाषेत ठरलेले होते. तिरप्या परिच्छेदातील सरळ शब्द कसा नोंदवावा, या रेंडच्या पद्धतीत संदिग्ध राहिलेल्या प्रश्नास त्यामुळे निश्चित उत्तर मिळाले.

परंतु उसनी भाषा आपल्याबरोबर तिचे पूर्वग्रहही आणते. सी. एस. एस. मध्ये अंतरे मापांत सांगता येतात. मूळ मुद्रकाने तसे माप मनात धरले होते की काय, हे आपणास माहीत नसते. 'मध्ये घेतलेली ओळ' आणि 'चार अंगुळे आत सरकवलेली ओळ' यांपैकी कोणते वर्णन खरे, हे प्रत पाहून सांगता येईलच असे नाही. गद्यातील वर्णनात अनिश्चितता राखता येते. नियमबद्ध भाषेत ती राखता येत नाही. यास्तव रेंड अद्याप टिकून आहे, व तो टिकणे योग्यही आहे.

७. देवनागरी व मोडी संहितांच्या दृष्टीने

या विवेचनाचा आपल्याकडील संहितांशी साक्षात संबंध आहे. संस्कृत व अन्य भारतीय भाषांतील ग्रंथांचे टी. ई. आय. पद्धतीने संकेतन होऊ लागले आहे. 'सरित' हा संग्रह त्याचे उदाहरण होय. मराठी ग्रंथांचे असे संकेतन करणाऱ्यास वर वर्णिलेल्या शब्दसंपत्तीचा बराचसा भाग निरुपयोगी ठरेल, आणि हव्या त्या पुष्कळ गोष्टींसाठी शब्दच सापडणार नाहीत.

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे हा भेद नाही. तिरपा ठसा तिच्या लेखनपरंपरेतून आलेला नसून रोमन मुद्रणाच्या अनुकरणाने आला. उलटपक्षी हस्तलिखित पोथीत दंड, श्लोकांक व पुष्पिका तांबड्या शाईने लिहिण्याची किंवा त्यांवर गेरूचा हात फिरविण्याची चाल आहे. अशुद्ध अक्षर पुसण्यासाठी त्यावर पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्याच प्रघाताची आठवण आहे. रेघ मारून खोडलेले अक्षर आणि हरताळाखाली गेलेले अक्षर हे दोन्ही 'वगळ' या एकाच घटकात येतील. त्यांतील भेद मात्र रेंडनेच सांगावा लागेल. तो भेद क्षुल्लक नव्हे. हरताळाने मागे कोरी जागा मिळते व तिच्यावर पुन्हा लिहिता येते. रेघेने तसे होत नाही. लेखकूने चूक कोणत्या टप्प्यावर सुधारली याचा माग कित्येकदा याच भेदावरून लागतो.

अक्षर कोठे संपते आणि दृश्यरूप कोठे सुरू होते, हा प्रश्नही मराठीत विशेष नाजूक आहे. 'दऱ्या' व 'दर्या' या शब्दांत रकाराची दोन रूपे आहेत, आणि त्यांवर अर्थ अवलंबून आहे. म्हणून युनिकोड या जागतिक संकेतात हा भेद अक्षरांच्या पातळीवरच राखला आहे. त्यासाठी रेंडची गरज नाही. याउलट 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी असली, तरी युनिकोडात त्यांचा संकेत एकच आहे. एखाद्या जुन्या मराठी पुस्तकात ही अक्षरे कोणत्या वळणाची होती, हे नुसत्या अक्षरमालिकेवरून कधीच कळणार नाही. 'अ' व 'झ' यांच्या मुंबई आणि कलकत्ता वळणांचेही तसेच. ग्रंथ कोणत्या टंकशाळेच्या खिळ्यांनी छापला याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला हाच पुरावा हवा असतो. तो शीर्षपत्रिकेत एकदाच वर्णन करून ठेवावा, अथवा टी. ई. आय. मध्ये विशिष्ट अक्षररूपांसाठी जी वेगळी सोय आहे तिचा अवलंब करावा.

मोडी कागदांची गोष्ट याहून निराळी आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिण्याचा प्रघात होता, आणि मोडी पत्रावर देवनागरीतील मुद्रा असणे हे तर सर्वपरिचित आहे. येथील भेद केवळ दृश्यरूपाचा नसून लिपीचा आहे. तो रेंडमध्ये न लिहिता भाषा व लिपी सांगणाऱ्या गुणधर्मातच लिहावयास हवा. मोडी लिपीस युनिकोडात २०१४ साली स्थान मिळाले. तत्पूर्वी, आणि बहुतांशी त्यानंतरही, मोडी कागद बाळबोध लिपीतच छापले व संकेतबद्ध केले गेले. बाळबोधीकरण झाले की लिपीभेद पानावरून नाहीसा होतो. संपादकाने स्वतंत्र टीप दिली तरच तो वाचकास कळतो. संकेतनात ही टीप प्रत्येक घटकाशी जोडता येते, हा मुद्रणाच्या तुलनेने मोठाच लाभ आहे. परंतु संपादकाने ती जोडली तर.

८. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : वर्णनात्मक चिन्हांकनाचा सिद्धांत प्रकाशनाच्या गरजेतून जन्मला, व त्या क्षेत्रात दृश्यरूप हे फल होते; संशोधनाच्या क्षेत्रात ते साधन असल्यामुळे त्यास पुन्हा प्रवेश द्यावा लागला. दुसरी : रेंड हा गुणधर्म मूळ प्रतीविषयीचे विधान आहे, आदेश नव्हे, हा भेद ढळला की सबंध संग्रहाचे प्रामाण्य संशयास्पद होते. तिसरी : मूल्यांचे स्वातंत्र्य अपरिहार्य असले तरी आपला कोश, त्यातील वर्ग, आणि मौनाचा अर्थ, म्हणजे लक्षण नोंदविले नसल्यास ते मूळात नाही की केवळ पाहिले नाही, ही तीन गोष्टी शीर्षपत्रिकेत लिहून ठेवणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते.

यातील तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने तातडीची आहे. मराठी पोथ्यांच्या संकेतनास अद्याप विपुल प्रमाणात सुरुवात झालेली नाही. म्हणून तांबडी शाई, गेरू, हरताळ, समासातील पुस्त्या, दंडांचे प्रकार, अक्षरांची वळणे यांच्यासाठी एक छोटा, विचारपूर्वक ठरविलेला शब्दसंग्रह आज करता येण्याजोगा आहे. शेकडो ग्रंथ मनास येईल त्या मूल्यांनी भरून झाल्यावर तेच काम फार अवघड होते, हे पाश्चात्त्य संग्रहांच्या अनुभवावरून दिसून येते. पोथी जीर्ण झाल्यावर आणि तिचे छायाचित्रही एकरंगी घेतले गेलेले असल्यास, एखादा दंड तांबडा होता ही माहिती संपादकाने लिहिलेल्या त्या एका शब्दातच शिल्लक राहणार आहे.